रंग केव्हा काढावा

बेटा, मोबाईलवर बटण दाबलं की फोटोतला रंग जातो आणि तू म्हणतेस, "आबाजी, पाहा, तुमच्यासारखा झाला." माझ्यासारखा होत नाही तो, आणि व्हावा अशी माझी इच्छाही नाही. मी पवनीत स्टुडिओ थाटला तेव्हा काळा-पांढरा फोटो कोणी हौसेने काढत नव्हतं. रंगीत रोल महाग. तो धुवायला नागपूरला पाठवावा लागे आणि तिकडून कधी येईल याचा नेम नसे. काळा-पांढरा रात्री आपल्याच डार्करूममध्ये धुतला की सकाळी गिऱ्हाइकाच्या हातात. कारण एवढंच. गिऱ्हाईक मागायचं ते रंगच. म्हणून तर आम्ही ब्रोमाइडच्या प्रिंटवर कापसाच्या बोळ्याने पातळ रंग चढवत असू. गालाला गुलाबी, ओठाला लाल, शालूला घरचे सांगतील तो. शालू मुळात हिरवा होता की निळा, हे पुष्कळदा नवरीच्या सासूला विचारून ठरायचं.

त्यामुळे जुन्या काळा-पांढऱ्या फोटोपुढे जे लोक डोळे मिटून 'वा वा' करतात, त्यांच्यात तू जाऊ नकोस. त्यातल्या बऱ्याच फोटोंना आज मिळतो तो वयाचा मान आहे. आमच्यातही भिकार फोटो काढणारे होते. पण एक खरं की रंग नव्हता म्हणून आम्हाला उजेड वाचायला शिकावं लागलं. दुसरं हाती काही नव्हतंच. तुझ्याकडे दोन्ही आहे, म्हणून तुझं काम आमच्यापेक्षा अवघड आहे. प्रत्येक वेळी तुला ठरवावं लागेल, आणि ते कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी ठरवावं लागेल.

माझे गुरू एकच प्रश्न विचारायला लावायचे: या फोटोत सांगण्यासारखं काय आहे, रंग की उजेड? हळदीचा कार्यक्रम घे. तिथे पिवळा रंग हीच बातमी. रंग काढलास तर हळद पांढरी पडते आणि नवरदेव राख फासल्यासारखा दिसतो. हळद काळ्या-पांढऱ्यात काढणाऱ्यांची मला गंमत वाटते. पळसाचंही तसंच. फाल्गुनात करांडल्याच्या वाटेवर पळस पेटतो तो त्याच्या केशरीवर. रंग काढला की झाडावर करडे बोळे अडकवल्यासारखे दिसतात. ते रंगातच घे आणि पुढे हो.

रोवणीचं मात्र तसं नाही. बांधीत पाणी भरलेलं, त्यात आभाळाची सावली, बायका एका ओळीत वाकलेल्या. रंगात काढलंस तर एकीचं गुलाबी लुगडं, दुसरीची निळी साडी, तिसरीच्या डोक्यावरचं पिवळं प्लास्टिक, हे सगळे आपापल्या जागेवरून ओरडतात. बघणाऱ्याची नजर रंगावरून रंगावर उड्या मारते आणि वाकलेल्या पाठींची ती एकच ओळ, जिच्यासाठी तू चिखलात उतरलीस, ती दिसतच नाही. रंग काढ, आणि ओळ वर येते. पण पऱ्ह्यांचा तो कोवळा हिरवा दाखवायचा असेल तर उलटं. एकाच बांधावर उभं राहून दोन्ही फोटो होतात. मात्र एकाच फोटोत दोन्ही होत नाहीत, आणि तिथेच बहुतेक लोक फसतात.

हा काही आपल्यासारख्या खेड्यातल्या फोटोवाल्यांचाच प्रश्न नव्हता. व्ही. शांताराम बघ. रंगाचा सोस त्यांना तरुणपणापासून. प्रभातचा 'सैरंध्री' त्यांनी १९३३ साली रंगात आणायचा घाट घातला, त्याच्या प्रती करायला जर्मनी गाठली, आणि तरी रंग मनासारखे उतरले नाहीत. पुढे १९५५ साली 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरमध्ये केला आणि तो धो धो चालला. आता दुसरा कोणी असता तर मागे वळून पाहिलं नसतं. यांनी दोनच वर्षांनी, १९५७ साली, 'दो आँखें बारह हाथ' काळा-पांढरा काढला. सहा खुनी कैदी, एक जेलर, उजाड माळ. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची जी खुली वसाहत झाली होती, तिच्यावरून सुचलेली गोष्ट. तिथे रंगाला काम काय होतं? मग १९५९ साली 'नवरंग' करताना पुन्हा रंग. खिशात रंग असताना तो बाहेर ठेवायचा, हे शिकायचं असेल तर हे दोन-तीन सिनेमे लागोपाठ बघ. गाणी ऐकू नकोस, आवाज बंद करून बघ.

उलट बाजूही ऐकून ठेव. रघुबीर सिंह नावाचा मोठा छायाचित्रकार होऊन गेला. जन्मभर त्याने रंगातच काम केलं. त्याचं म्हणणं असं की काळा-पांढरा ही पश्चिमेची नजर आहे, आपला देश रंगातच विचार करतो. माझं त्याच्याशी सगळं जमत नाही, पण नदीकाठच्या पाटावर वाळत घातलेल्या साड्या पाहिल्या की त्याचं म्हणणं पटतं. होमाई व्यारावाला यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे दिल्लीत जे काम केलं, ते काळ्या-पांढऱ्यात. त्यातला एखादा फोटो रंगीत असता तर बरा झाला असता, असं मला कधी वाटलं नाही. दोघंही बरोबर असू शकतात. तू कोणाच्याच बाजूने भांडू नकोस, समोर काय आहे ते बघ.

आता कामाचं. रंग गेला म्हणजे तो कुठे जातो, हे समजून घे. प्रत्येक रंगाचा एक करडा होतो. कॅमेरा किंवा मोबाईल रंग काढतो तेव्हा साधारण हिशेब असा असतो: हिरव्याला ५९ टक्के वजन, लालला ३०, निळ्याला ११. आपल्या डोळ्याला जसा उजळपणा जाणवतो तसंच हे ठरवलेलं आहे. म्हणून पिवळा जवळजवळ पांढरा होतो, गडद निळा काळ्याकडे झुकतो, आणि लाल नि गडद हिरवा हे शेजारी-शेजारी जवळजवळ एकच करडा होऊन बसतात. गडद हिरव्या साडीला लाल काठ असेल तर काठ गायब. आमच्याकडे फोटो काढून घ्यायला बाई आली की मी आधी काठ बघायचो. जरीचा असेल तर चिंता नाही, जर उजेड परत फेकते. नुसता लाल-हिरवा असेल तर बाजूने दिवा द्यायचा, म्हणजे निदान विणीचा पोत तरी दिसेल.

यातच एक वाघाची गोष्ट आहे. उमरेड-पवनी-करांडलाच्या जंगलात वाघ बघायला लोक लांबून येतात. 'जय' नावाचा वाघ इथे होता तेव्हा तर रांगा लागत. तुझे मित्र वाघाचे फोटो काळे-पांढरे करून टाकतात. त्यांना सांग, हरणाला लाल आणि हिरवा वेगवेगळे दिसत नाहीत. त्याला वाघाचा केशरी गवतासारखाच दिसतो, म्हणून तर वाघाचं पोट भरतं. रंग काढलास की तूही हरणासारखीच आंधळी. मग उरतात ते पट्टे. पट्टे नीट दिसत असतील, वाघ उजेडात आणि मागचं सावलीत असेल, तरच रंग काढ.

कपाळावरचं कुंकू ही याच हिशेबातली सगळ्यात नाजूक जागा. जुन्या वाड्यांमधल्या भिंतीवरचे फोटो नीट बघ. कुंकू काळंभोर, आभाळ अगदी कोरं पांढरं, एकही ढग नाही. लोकांना वाटतं फोटो खराब झाला. तसं नाही. त्या काळच्या काचेच्या प्लेटा आणि फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या आणि निळ्याला फार हावऱ्या. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा लावता यायचा. पुढे सगळे रंग ओळखणारी फिल्म आली, ती भिंगापुढे लाल काच लावून वापरली की उलटा चमत्कार: आभाळ काळंशार, ढग कापसासारखे उठून आलेले, आणि कुंकू मात्र कपाळातच विरघळलेलं. सवाष्णीचा फोटो आणि कुंकू नाही! असा प्रिंट घेऊन जायची कोणा फोटोवाल्याची छाती नव्हती. माणसासाठी पिवळी काच, नदी-आभाळासाठी नारिंगी किंवा लाल, झाडीसाठी हिरवी, हा आमचा नियम होता. हिरवी काच पानं उजळते आणि ओठ, कुंकू गडद करते.

तुला काचा घ्यायची गरज नाही. संगणकावर रंग काढतेस तिथे प्रत्येक रंगाची वेगळी पट्टी असते. लाल खाली ओढ, नारिंगीला हात लावू नकोस. कुंकू गडद राहतं आणि कातडी जागची हलत नाही, कारण आपल्या कातडीचा रंग बहुतेक नारिंगीत बसतो. हे एवढं जमलं तरी तुझे अर्धे फोटो सुधारतील. आणि नारिंगी वर ओढून सावळ्या माणसाला गोरं करू नकोस. आमच्या धंद्यात हे पाप फार झालं. आरशाजवळ पावडरचा डबा असायचा, निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग व्हायचं, आणि लग्नासाठी दाखवायच्या फोटोत तर मुलगी ओळखू येत नसे. काळा-पांढरा फोटो सावळ्या चेहऱ्याला जो न्याय देतो तो रंगीत फ्लॅशने कधी दिला नाही. गालाच्या हाडावर एक उजळ रेघ, तिथून कानापर्यंत हळूहळू उतरत जाणारा करडा. तो उतार जपायचा. तो धुऊन टाकलास तर काळा-पांढरा काढलासच कशाला?

चेहऱ्यासाठी उजेड कुठून घ्यावा? आपल्या घरांतच तो फुकट आहे. म्हातारीला छपरीत बसव, तोंड अंगणाकडे, पाठ आतल्या अंधाराकडे. ऊन थेट अंगावर नको, अंगणातून उसळून आलेला उजेड हवा. मग तिला थोडी तिरकी कर, एक गाल अंगणाला आणि एक गाल घराला. बस्स. सुरकुत्या मोजता येतील आणि तरी चेहरा मऊ राहील. भर उन्हात अंगणात उभं केलंस तर भुवईखाली दोन खड्डे आणि नाकाखाली मिशी. फ्लॅश समोरून मारलास तर कपाळाचं तेल तेवढं चमकेल. आणि फोटो काढण्याआधी जरा बस तिच्याजवळ. धानाचं काय झालं विचार. लोक फोटोसाठी श्वास रोखतात. तो सुटला की मग काढ.

दुपारच्या उन्हाचा एक हिशेब तोंडपाठ करून ठेव, कॅमेऱ्यातलं मीटर बंद पडलं तरी अडणार नाही. स्वच्छ ऊन असेल तर एफ १६, आणि शटर तेवढं जेवढा आयएसओ. म्हणजे आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. मे महिन्यात वैनगंगेच्या वाळूत उतरलीस तर एफ २२, कारण वाळू खालूनही उजेड मारते. मीटर असेल तर आपला तळहात त्याच उजेडात धरून त्यावर मोजायचं आणि एक पायरी जास्त उजेड द्यायचा. माणूस काळा असो गोरा असो, तळहात साधारण सारखेच असतात, म्हणून हा हिशेब चुकत नाही.

इथे तुझ्यात आणि माझ्यात एक फरक आहे, तो मात्र ध्यानात ठेव. फिल्मवर आम्ही सावलीसाठी उजेड मोजायचो. सावलीत काहीच उमटलं नाही तर पुढे कोणतंही औषध ते आणून देत नसे. उजळ भाग डेव्हलप करताना आवरता यायचा. तुझ्या डिजिटल कॅमेऱ्यात उलटं आहे. सावलीतून पुष्कळ काढता येतं, पण पांढरं एकदा जळलं की तिथे कायमचं भोक. डोंग्यावर उभा असलेला ढिवर, अंगात पांढरी बंडी, भोवती चमकणारं पाणी. तू बंडी सांभाळ. बंडीची शिवण दिसली पाहिजे. चेहरा मग घरी वर काढता येईल. आणि सगळ्या सावल्या उपसून काढायची हाव धरू नकोस. फोटोत कुठेतरी खरा काळा लागतो, जिथे काहीच दिसत नाही असा. त्याच्याशिवाय बाकीचे करडे उभेच राहत नाहीत. नवशिक्याचा काळा-पांढरा फोटो ओळखायची हीच खूण: त्यात ना काळं असतं, ना पांढरं.

कॅमेऱ्यात एक सोय आहे, ती आम्हाला असती तर आमची कितीतरी फिल्म वाचली असती. रॉ आणि जेपीईजी दोन्ही साठवायला लाव, आणि चित्राची तऱ्हा काळी-पांढरी ठेव. मग बघताना तुला सगळं गाव करडं दिसेल, पण रॉमध्ये रंग शाबूत राहील. महिनाभर असंच फिर. आपोआप डोळ्याला सवय होते. नंतर साडी बघितली की तिचा करडा कोणता ते आधीच कळतं.

उजेड शिकायचा तर पवनीसारखी शाळा नाही, आणि तिथला सगळ्यात चांगला वर्ग जगन्नाथ टेकडीवर भरतो. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथे खोदकाम केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. मौर्य-शुंग काळातला मोठा बौद्ध स्तूप बाहेर आला, त्याच्या कठड्याचे कोरीव खांब आले, दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेले दगड आले, मुचलिंद नागाचं शिल्प आलं. १९७२ साली त्याचा अहवाल छापून निघाला, त्यातले फोटो काळे-पांढरे. ते फोटो मिळव आणि त्यांच्यात सावली कोणत्या बाजूला पडली आहे ते बघ. मजकूर नंतर वाच.

कोरलेलं अक्षर म्हणजे दगडात पडलेली खाच. तिला स्वतःचा रंग नसतो, सावलीच तिचा रंग. दुपारी बाराला त्या दगडासमोर उभी राहिलीस तर अक्षर आहे की नाही हेही कळणार नाही. सकाळी ऊन कोवळं असताना किंवा सूर्य बुडायच्या आधी जा. ऊन दगडावरून घासत गेलं पाहिजे. दगडाचं तोंड भलतीकडे असेल तर आरसा नाहीतर पांढरा थर्माकोल धरून उजेड वळव. तेही जमत नसेल तर ढगाळ दिवशी जा, फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला, दगडाला जवळजवळ चिकटून धर. उजेड वरून डाव्या हाताकडून येईल असं बघ. ही पुरातत्त्ववाल्यांची जुनी पद्धत आहे आणि तिला कारण आहे. उजेड खालून आला की डोळा फसतो, खाच उंचवट्यासारखी आणि उंचवटा खाचेसारखा दिसतो.

रंगात तोच दगड काढून बघ. शेवाळाचा हिरवा, ओलीचा काळपट, कोणीतरी हळद-कुंकू वाहिलं त्याचा डाग, हे सगळं आधी दिसेल आणि अक्षर मागे राहील. रंग काढला की डाग करड्यात मिसळून जातात आणि खाच तेवढी बोलते. अक्षर वाचायला सोपं जावं म्हणून लोक त्यात खडू भरतात, तेल चोळतात, पाणी मारतात. तू असलं काही करायचं नाही. दोन हजार वर्षं टिकलेल्या दगडाला आपल्या एका फोटोसाठी हात लावायचा नाही. आणि एक रंगीत फोटो, मोजपट्टी ठेवून, नोंदीसाठी काढायचाच. अभ्यास करणाऱ्याला दगडाचा रंगही लागतो.

शेंदराच्या देवाचं मात्र वेगळं. विदर्भाच्या अष्टविनायकांत आपल्या पवनीचा पंचानन आहे. शेंदूर चढलेली कोणतीही मूर्ती काळ्या-पांढऱ्यात एका करड्याचा गोळा होते, कारण शेंदराचे थर कोरीव काम बुजवतात आणि रंग काढला की उरलंसुरलंही जातं. तिथे रंगच राहू दे. गाभाऱ्यात फोटो काढायची परवानगी आधी विचारायची, हे सांगायला नको.

किल्ल्याचा मातीचा तट, दरवाजाचे दगड, वैजेश्वराच्या घाटाच्या पायऱ्या, हे सगळं काळ्या-पांढऱ्याचं खाद्य. पायऱ्यांवर सकाळी सावल्यांच्या रेघा पडतात, एक आड एक. तिथे एखादा माणूस चढत येईपर्यंत थांबायचं. पौषात नदीवर धुकं असतं, त्यात तर रंग नसतोच, मग काढायचा काय? पण धुक्यात मीटर फसतं. ते पांढऱ्याला करडं करायला बघतं. एक पायरी उजेड वाढव, नाहीतर धुक्याचा धूर होईल.

आता लग्नांचं, कारण पोट त्यावर भरतं. हल्ली मांडवात जांभळे आणि निळे एलईडी लावतात. नवरीचा चेहरा जांभळा, भाताची मूदही जांभळी. तिथे रंग काढून टाकणं हा नाइलाज आहे आणि त्याला माझी ना नाही. फक्त रंगांच्या पट्ट्या चेहऱ्याकडे बघत हलव, तो हाती लागेल. पण एरवी, फोटो फसला, रंग विचित्र आला, की काळा-पांढरा करून 'कलात्मक' म्हणायचं, ही सवय लावून घेऊ नकोस. भाजी खारट झाली म्हणून पाणी ओतल्यासारखं ते. खारटपणा थोडा कमी होतो, भाजी काही होत नाही.

टिकण्याचं बोलू. तुझ्या आईच्या लग्नाचा अल्बम काढ, रंगीत आहे. सगळे लोक लालसर झाले आहेत ना? त्या काळच्या रंगीत कागदात तीन रंगद्रव्यांचे थर असत. त्यातलं निळसर द्रव्य अंधारात ठेवलं तरी हळूहळू मरतं, उरतो तो लाल-पिवळा. वर आम्ही ते चिकट पानांच्या अल्बममध्ये लावले, त्या गोंदाने आणखी घात केला. आता तुझ्या पणजीचा फोटो बघ, काळा-पांढरा. तसाच आहे. त्यात रंगद्रव्य नाहीच, बारीक चांदी आहे. चांदी टिकते. कडेला कधी आरशासारखी निळसर चकाकी येते, ती त्याच चांदीची वर आलेली पापुद्री. तिला पुसायला जाऊ नकोस.

पण चांदी टिकते ती धुणाऱ्याच्या मेहनतीवर. उजेड न लागलेली चांदी हायपोने विरघळवून काढायची आणि मग तो हायपो पाण्याने पूर्ण धुऊन टाकायचा. धुण्यात आळस केला की दहा-वीस वर्षांनी प्रिंट पिवळा पडतो, चेहरे फिके होतात. गिऱ्हाइकाला त्या दिवशी काहीच कळत नसे, म्हणून इथेच माणसाची परीक्षा. डेव्हलपर डी-७६ चालतो २० अंशांवर, आणि भंडाऱ्याचा मे महिना ४५ गाठतो. नळाच्या पाण्यात फिल्म घातली तर वरचा थर सुटून चिरफाळतो. म्हणून उन्हाळ्यात आम्ही पहाटे काम करायचो, औषधाची बाटली रात्रभर माठाच्या पाण्यात ठेवून, बर्फ मिळाला तर भोवती बर्फ. प्रिंट विहिरीच्या पाण्यात, पाणी बदलत बदलत, अर्धा तास. तुला हे करायचं नाही. पण कोणी जुना प्रिंट दुरुस्तीला आणला तर तो का पिवळा पडला, हे तुला सांगता आलं पाहिजे.

२०२० च्या ऑगस्टात वैनगंगेला पूर आला तेव्हा लोकांनी भिजलेले फोटो उन्हात वाळत टाकले, ओढून वेगळे केले आणि घालवले. पुन्हा अशी वेळ आली तर लक्षात ठेव. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटले असतील तर वाळू देऊ नकोस, ओढूही नकोस. थंड स्वच्छ पाण्यात बुडवून ठेव, आपोआप सुटतात. पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, ओला थर खरवडला की चेहरा गेला. मग सावलीत, तोंड वर करून, स्वच्छ कापडावर वाळव. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट बुडव. तरी सुटला नाही तर काचेवरूनच त्याचा फोटो काढून घे.

माझ्या निगेटिव्हच्या पेट्या आता तुझ्याकडे येणार. त्या लोखंडी कपाटात तळाला ठेवू नकोस, पावसाळ्यात बुरशी धरते. मधल्या फळीवर, कागदी पाकिटात. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. स्कॅन करताना जुने प्रिंट रंगीत म्हणूनच स्कॅन कर, म्हणजे डाग कोणता आणि फोटो कोणता हे नंतर वेगळं काढता येईल. लग्नाच्या गिऱ्हाइकाला रंगीत पूर्ण दे, काळे-पांढरे थोडेच, वेचून दे, आणि रंगीत मूळ फाइल कधी पुसू नकोस. तुला आज काळा-पांढरा आवडला, नवरीच्या मुलीला उद्या आईचा शालू कोणत्या रंगाचा होता ते बघायचं असेल. आणि पेट्यांतल्या ज्यांचे फोटो आहेत त्यांची नातवंडं याच गावात आहेत. त्यांना विचारल्याशिवाय एकही फोटो इंटरनेटवर टाकायचा नाही.